ओल शेजारच्या भिंतीला



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे आतड्याच्या रोगाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. चूक नाही. मी डॉक्टर नाही. नववीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. पण गेली तीस वर्षे कामगार संघटनेत काम करताना मी जितकी पगारपत्रके वाचली असतील तितकेच आजारपणाचे दाखले वाचले आहेत. रजा नामंजूर झाली की कामगार कागदांचा गठ्ठा घेऊन संघटनेच्या कचेरीत येतो, आणि त्या कागदांवर काय लिहिले आहे हे कळल्याशिवाय भांडता येत नाही. म्हणून शब्दकोश उशाशी ठेवून, ओळखीच्या डॉक्टरांना त्रास देऊन, मी ती भाषा शिकलो. आज बोलणार आहे ते त्या शिकण्यातूनच आलेले आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही.

विषयाचे नाव जरा अवघड आहे. डायव्हर्टिक्युलायटिस. नाव एकदा बाजूला ठेवू आणि वस्तू पाहू. सायकल आपण सर्वांनी चालविलेली आहे. टायर एखाद्या जागी विरला की आतली ट्यूब त्या जागेतून फुग्यासारखी बाहेर डोकावते. मोठ्या आतड्याची रचना साधारण अशीच आहे. आतले मऊ अस्तर म्हणजे ट्यूब, बाहेरचा स्नायूंचा थर म्हणजे टायर. ज्या ज्या जागी रक्तवाहिन्या स्नायूंच्या थरातून आत शिरतात त्या जागा थोड्या दुबळ्या असतात. वय वाढते, आतला दाब वाढतो, आणि त्या जागांतून अस्तराच्या छोट्या थैल्या बाहेर येतात. डाव्या बाजूला, गुदाशयाच्या अलीकडे, आतड्याचा एक नागमोडी भाग आहे, त्याला सिग्मॉइड म्हणतात. तो अरुंद असतो, दाब तेथे जास्त पडतो, आणि पाश्चात्त्य देशांत थैल्याही तेथेच जास्त आढळतात. पूर्व आशियातील लोकांत मात्र त्या उजव्या बाजूला अधिक दिसतात.

थैल्या असणे हा काही गुन्हा नव्हे. तिकडे साठी ओलांडलेल्या लोकांपैकी निम्म्यांच्या आसपास माणसांना त्या असतात आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पूर्वी असे मानत की थैल्यावाल्यांपैकी शेकडा पंधरा-वीस लोकांना त्यांचा दाह होतो. अलीकडच्या पाहण्यांनुसार हे प्रमाण शेकडा पाचाच्याही आत आहे. हा दाह म्हणजेच डायव्हर्टिक्युलायटिस. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांच्या मानाने कमी. तो का होतो याविषयी 1971 साली पेंटर आणि बर्किट या दोघा ब्रिटिश शल्यविशारदांनी एक मत मांडले. यांपैकी बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केलेले. मैदा आणि साखर खाणाऱ्या, चोथा टाकून देणाऱ्या समाजाचा हा रोग आहे, असे त्यांचे म्हणणे. ते पुष्कळ वर्षे प्रमाण मानले गेले. पुढे 2012 साली अमेरिकेत झालेल्या एका तपासणीत चोथा जास्त खाणाऱ्यांत थैल्या कमी आढळल्या नाहीत, तेव्हा थैल्या का होतात हा प्रश्न पुन्हा उघडला. तरी चोथा खाणाऱ्यांना या रोगापायी इस्पितळात जावे लागण्याची वेळ कमी येते, हे दुसऱ्या पाहण्यांत दिसले आहे. बिया आणि दाणे खाल्ल्याने ते थैलीत अडकतात ही समजूतही 2008 साली खोडली गेली. 47 हजारांहून अधिक पुरुषांवर 18 वर्षे लक्ष ठेवून तो निष्कर्ष काढला होता. विडी-सिगारेट, लठ्ठपणा, बैठे आयुष्य, आणि सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचा संबंध मात्र टिकून आहे. पाळीवर उभे राहणाऱ्या आमच्या लोकांच्या खिशात या गोळ्यांची पट्टी नेहमी असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

हे झाले प्रास्ताविक. माझा खरा विषय पुढे आहे. या रोगाची एक खोड अशी की तो काही वेळा स्वतःच्या घरात राहत नाही. तो शेजाऱ्याकडे जातो.

चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गळती पाटलांच्या मोरीत असते आणि ओल कुलकर्ण्यांच्या भिंतीला येते. कुलकर्णी दर दिवाळीला भिंत खरवडून रंग देतात. रंग दोन महिने टिकतो. पुन्हा ओल. रंगारी बदलतात, रंगाची कंपनी बदलतात. पाटलांचे दार मात्र कोणी ठोठावीत नाही. शरीरातही हेच घडते.

ते कसे घडते पाहा. थैलीला दाह झाला, ती फुटली, की मल आणि जंतू बाहेर येऊ लागतात. शरीर स्वस्थ बसत नाही. आतड्यावरचा चरबीचा पडदा आणि आजूबाजूचे अवयव त्या जागेला येऊन चिकटतात आणि भोक झाकून टाकतात. बऱ्याच वेळा त्यामुळे माणूस वाचतो. पण झाकलेल्या जागेत पू साठला तर तो वाट शोधतो, आणि जो शेजारी मदतीला येऊन चिकटला त्याच्याच भिंतीतून ती वाट निघते. दोन पोकळ अवयवांमध्ये अशी आडवाट पडली की तिला फिस्टुला म्हणतात. पू कोठवर पसरला यावरून माँट्रियलच्या हिंची या शल्यविशारदाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली चार पायऱ्या सांगितल्या: आतड्याला लागून गळू, दूर ओटीपोटात गळू, सर्व पोटात पू, आणि सर्व पोटात मल. शेवटच्या दोन पायऱ्यांवरचा माणूस ओरडतच इस्पितळात येतो, त्याला कोणी परत पाठवीत नाही. फिस्टुलावाला मात्र चालत येतो आणि चालत परत जातो, आणि म्हणूनच त्याचे नुकसान जास्त दिवस चालते.

हे प्रकार विरळा आहेत, आपण घाबरून जाऊ नये. या थैल्यांच्या रोगात फिस्टुला शेकडा दोघांच्या आसपास होतो. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्यांत मात्र हे प्रमाण शेकडा विसापर्यंतही सांगितले जाते. त्या फिस्टुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मूत्राशयात उघडतात. सिग्मॉइड आतडे मूत्राशयाच्या माथ्यावरच पडलेले असते. ही त्यांची सामाईक भिंत. आतड्यातला दाब मूत्राशयापेक्षा जास्त, म्हणून वाहतूक बहुधा एकाच दिशेने होते: मल, वारा आणि जंतू मूत्राशयात शिरतात. माणसाला लघवीची जळजळ होते, ताप येतो, तपासणीत आतड्यातले जंतू सापडतात. प्रतिजैविके दिली की आठ दिवस बरे, मग पुन्हा तेच. पोट दुखल्याचे अनेकांना आठवतसुद्धा नाही.

आमच्या संघटनेचे एक सभासद, छप्पन वर्षांचे फिटर, यांच्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा त्यात दीड वर्षांतले मूत्रमार्गाच्या संसर्गाचे पाच दाखले होते. वारंवार रजा घेतो म्हणून कारखान्याने नोटीस दिली होती. पाचही दाखले खरे होते आणि पाचही वेळा औषध दिलेले होते. मी नोटिशीला उत्तर लिहिण्यासाठी विचारपूस करू लागलो. आणखी काही त्रास होतो का, म्हणून विचारले. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "भाऊ, हसू नका. लघवीच्या शेवटी वारा सरतो. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतात." हे डॉक्टरांना सांगितले का, असे मी विचारले. ते म्हणाले, "कोणी विचारले नाही, आणि बाईमाणूस डॉक्टर समोर असताना असले कसे सांगायचे?" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर एका शल्यविशारदांकडे गेलो. ते एक वाक्य ऐकल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि सरळ सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. मूत्राशयात हवा होती. ज्याला मूत्राशयात कधी नळी घातलेली नाही त्याच्या मूत्राशयात हवा दिसली, तर ती बहुधा आतड्यातूनच आलेली असते.

बंधु-भगिनींनो, लघवीतून वारा जाणे हे या फिस्टुलाचे सर्वात बोलके लक्षण. ते यंत्राला दिसण्याच्या किती तरी आधी रोग्याला माहीत असते. पॅरिसच्या क्रूव्हेल्ये यांनी 1849 साली या थैल्यांचे आणि त्यांच्या फुटण्याचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणही नव्हते. रोग्याचे बोलणे आणि मृत्यूनंतरची चिरफाड एवढीच साधने होती. आज सीटी स्कॅन आहे, मूत्राशयात आणि आतड्यात पाहण्याच्या दुर्बिणी आहेत. तरी गंमत अशी की ती आडवाट इतकी बारीक असते की दुर्बिणीतून पुष्कळदा सापडत नाही. तिथे आपल्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ उपयोगी पडतो. अनारशावर लावतो ती खसखस. रोग्याला सुमारे 50 ग्रॅम खसखस दह्यात किंवा पाण्यात घालून देतात आणि पुढचे दोन दिवस लघवी पाहतात. लघवीत खसखशीचे दाणे तरंगताना दिसले की वादच संपला. आतड्यातला दाणा मूत्राशयात यायला दुसरा रस्ता नाही. महागड्या तपासण्यांच्या तोडीस तोड, किंबहुना पुष्कळदा त्यांच्याहून सरस, अशी ही साधी परीक्षा ठरली आहे. पण घरच्या घरी ती करून निश्चिंत होऊ नये. आडवाट आहे एवढेच खसखस सांगते. ती थैलीमुळे पडली की कर्करोगामुळे, हे तिला सांगता येत नाही, आणि ते पाहणे अगत्याचे असते.

आता भगिनींविषयी. मूत्राशयाचा फिस्टुला पुरुषांत स्त्रियांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. कारण साधे आहे. स्त्रीच्या शरीरात आतडे आणि मूत्राशय यांच्या मध्ये गर्भाशय उभे असते. ती एक जाड भिंत आहे. ज्या स्त्रीचे गर्भाशय काढलेले आहे तिची ती भिंत गेलेली असते, आणि मग आतडे मूत्राशयाला किंवा योनिमार्गाच्या वरच्या टोकाला जाऊन टेकते. योनिमार्गाशी झालेले फिस्टुला सुमारे चतुर्थांश असतात आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचे गर्भाशय आधी काढलेले असते. योनीतून वारा सरतो, मळकट स्राव जातो, वास येतो. हे कोणती बाई कोणाला सांगेल? ती अंगावरचे पांढरे म्हणून औषध घेते, उपास करते, देवळात जायचे सोडते.

येथे मला आपल्या बीड जिल्ह्याची आठवण होते. ऊसतोडणी करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेली, आणि 2019 साली तो प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. त्या बायकांना पुढे हा रोग होईलच असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. माझे म्हणणे एवढेच की गर्भाशय म्हणजे मुले झाल्यावर फेकून देण्याची पिशवी, ही समजूत घातक आहे. शरीरात कोणतीही भिंत उगाच उभी नाही. गरज असेल तेव्हा ती जरूर काढावी लागते. पण मुकादमाची उचल फिटावी आणि पाळीच्या दिवसांतली खाडी वाचावी म्हणून ती काढू नये.

तिसरा शेजारी मुका आहे. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी डावी मूत्रवाहिनी सिग्मॉइडच्या मागूनच जाते. दाह मागे पसरला की ती आवळली जाते, लघवी मागे तुंबते आणि डावे मूत्रपिंड फुगू लागते. दुखणे थोडे, किंवा नाहीच. मुतखडा शोधतात, खडा नसतो. वेळेवर ध्यानात आले तर मूत्रवाहिनीत बारीक नळी घालून वाट मोकळी ठेवतात आणि आतड्याचा दाह गेला की बहुधा ती सुटते. ध्यानात आले नाही तर मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते.

याहून दूरचेही शेजारी आहेत. आतड्याच्या मागे, कण्यापासून मांडीपर्यंत जाणारा सोअस नावाचा स्नायू आहे. पू त्याच्या म्यानातून खाली उतरला की माणसाला मांडी सरळ करता येत नाही, तो लंगडू लागतो. कमरेची चकती सरकली, खुबा झिजला, असे समजून शेक आणि मालीश चालते. क्वचित मांडीच्या कातडीखाली हवा भरते आणि दाबले की करकर आवाज होतो. तेव्हा तास मोजायचे असतात, दिवस नव्हेत. आणखी एक वाट रक्तातून जाते. आतड्यांतले रक्त ज्या शिरेने यकृताकडे जाते तिच्यात जंतूंसह गुठळी झाली, तर यकृतात गळू होते. पूर्वी या प्रकाराचे मुख्य कारण अपेंडिक्स असे. प्रतिजैविके आल्यावर आज डायव्हर्टिक्युलायटिस हे आघाडीचे कारण सांगतात. आपल्या देशात यकृतात गळू म्हटले की प्रथम आमांशाच्या अमीबाची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. पण अमीबाचे औषध देऊन माणूस उठत नसेल, तर पाटलांचे दार एकदा ठोठावले पाहिजे.

आता उपाय. तपशील शल्यविशारदांचा, तत्त्व मात्र आपल्यालाही कळण्यासारखे आहे. गळू असेल तर सीटी स्कॅनच्या मदतीने सुई-नळी घालून पू काढतात, प्रतिजैविके देतात, दाह शमू देतात. मग सवडीने दुखावलेला सिग्मॉइडचा तुकडा काढून आतड्याची टोके पुन्हा जोडतात. स्थिती बिकट असेल तर टोक काही काळ पोटावर आणून ठेवावे लागते. पॅरिसच्या हार्टमान यांनी 1921 साली कर्करोगासाठी सांगितलेली ही शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावाने चालते. मूत्राशयाचे काय करतात? पुष्कळदा फारसे काही नाही. भोक लहान असेल तर एखादा टाका, नाही तर तेही नाही. आठ-दहा दिवस लघवीची नळी ठेवतात आणि मूत्राशय आपले आपण भरून येते. मला या सर्व शास्त्रात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. शेजाऱ्याची भिंत मुळात वाईट नव्हती. गळती बंद केली की ती वाळते. दीड वर्ष तिला रंग दिला, तो पैसा आणि तो काळ वाया गेला.

कोणी म्हणेल, यात दोष डॉक्टरांचा. मी तसे म्हणणार नाही. ज्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरपुढे सकाळभरात शंभर माणसे उभी, तेथे एका माणसाला किती मिनिटे मिळणार? शिवाय आपल्या कागदांवर प्रत्येक खेपेला एकच रकाना: आजाराचे नाव. मूत्राचा दाखला एकाकडे, खुब्याचा दुसऱ्याकडे, तापाचा तिसऱ्याकडे. हे सर्व कागद एका टेबलावर एका माणसाने वाचावेत अशी सोय क्वचितच असते. आमच्या कचेरीत तसे झाले ते नोटिशीच्या कृपेने! म्हणून मी आमच्या लोकांना सांगतो, जुने कागद फेकू नका, एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून प्रत्येक खेपेला बरोबर न्या. एकच दुखणे वर्षात तीनदा परत आले, तर "पुन्हा का आले?" हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

पण अर्धा भार आपल्या लाजेचाही आहे. लाज गरिबालाच असते असे नाही. 31 जुलै 2006 रोजी क्यूबाच्या फिडेल कास्त्रोंनी आतड्याच्या शस्त्रक्रियेमुळे सत्ता भावाकडे सोपविली, आणि दुसऱ्याच दिवशी आपली प्रकृती हे राज्याचे गुपित असल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी 2007 मध्ये स्पेनच्या 'एल पाईस' या पत्राने तेथील वैद्यकीय सूत्रांच्या हवाल्याने हा रोग डायव्हर्टिक्युलायटिस असल्याचे छापले. त्याला अधिकृत दुजोरा कधी मिळाला नाही. राष्ट्रप्रमुखाला शत्रू असतात, त्याने गुपित ठेवले तर एक वेळ समजू शकते, आणि त्याच्या खाटेभोवती डॉक्टरांचे मंडळ उभे असते. तुमच्या-आमच्या भोवती कोणी नाही. आपल्याजवळ आपले शब्द तेवढे आहेत. तेही गिळले तर डॉक्टरने ओळखायचे कशावरून?

शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाविषयी न बोलणे याला आपण सभ्यता म्हणतो. गटार साफ करणाऱ्याला दूर ठेवणे यालाही आपण काही शतके सभ्यताच म्हणत होतो. दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि किंमतही दोन्हींची गरिबानेच मोजलेली आहे. वारा, मल, मूत्र, स्राव हे शब्द आज मी या व्यासपीठावरून मोठ्याने उच्चारले. सुरुवातीला काही माना खाली गेल्या, नंतर त्या वर आल्या हे मी पाहिले. एवढ्याने जर घरी गेल्यावर एखाद्या आजोबांनी मुलाला, एखाद्या मावशीने सुनेला, आजवर न सांगितलेले एक वाक्य सांगितले, तर ही संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.